बशीतली पावलं

झुरळ मारायचं असेल तर चप्पल झुरळ आहे तिथे मारायची नाही, ते जिथे पोचणार असतं तिथे मारायची. पान छुनताओला हे कुणी शिकवलं नव्हतं. इस्पितळाचा पाचवा मजला सत्तावीस वर्षं पुसल्यावर काही गोष्टी आपोआप हाताला येतात. ज्यांच्या हाताला येत नाहीत त्यांनी दुसरं काम बघावं, असं तिचं स्पष्ट मत होतं. नवी पोरगी कामाला लागली की ती एकदाच दाखवायची. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणायची, "डोळे दिलेत ना देवानं? का तेवढे फोनपुरतेच आहेत?"

इस्पितळ तैवानच्या दक्षिणेला, पिंगतुंगच्या सपाटीवर. मोठं नव्हे, पण आजूबाजूच्या वीस गावांना तेच. एका बाजूच्या खिडक्यांतून जामाच्या फळबागा दिसत, आणि वारा फिरला की दुसऱ्या बाजूनं डुकरांच्या शेडांचा वास येई. पाचवा मजला खरं तर चौथाच. पण इस्पितळात चार हा आकडा कोण ठेवणार? तिकडच्या भाषेत चार आणि मरण यांचा उच्चार जवळजवळ एकच, ते लचांड नको म्हणून तीननंतर थेट पाच.

छुनताओ बासष्टीला टेकलेली. बुटकी, दंड भरलेले, केस नव्या वर्षाआधी एकदा कुरळे करून घेतले की वर्षभर त्यांच्याकडे बघायचं नाही. जन्म समुद्राकाठचा, शाळा सहावीपर्यंत, लग्न विसाव्या वर्षी डुकरांचा ट्रक चालवणाऱ्या आ-ह्वेशी. आ-ह्वे दिवसभर सुपारी चघळायचा. शेवटी तोंडाच्या कर्करोगानं गेला, त्याला अकरा वर्षं झाली. मुली दोन्ही आपापल्या घरी. आता घरात ती आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांची सासू, आणि दोघींचं भांडण भाताला पाणी किती या एकाच विषयावर गेली चाळीस वर्षं चालू होतं. वॉर्डात सगळे तिला ताओ मावशी म्हणत. डॉक्टरसुद्धा.

बारा नंबरच्या खाटेवर होता हुंग थिएन-शोउ. वय एकोणऐंशी, जामाचा बागवान, साखरेचा जुना आजार. बागेत बांबूचं कुसळ पायात गेलं, तळव्याला भोक पडलं, ते भरेना. त्याच्याबरोबर त्याची बायको आ-मान अडतीस दिवस खाटेशेजारच्या घडीच्या खुर्चीवर झोपत होती. छुनताओला ती आवडायची, कारण फरशी पुसणारी येण्याआधीच ती खाटेखालून फडका मारून ठेवायची.

"मावशीबाई, माझं काम का पळवता? मला घरी पाठवतील."

"पाठवू देत. माझ्या बागेत या कामाला," आ-मान म्हणायची. "जामांना पिशव्या बांधायला माणूस मिळत नाही."

एका सकाळी आ-मान थर्मास घेऊन गरम पाण्याच्या यंत्रापर्यंत गेली आणि तिथेच बसली. बसली ती बसलीच. हृदय. खालच्या मजल्यावर नेलं, पण नेणं नुसतं नावाला. थर्मास छुनताओनंच उचलला आणि पाणीही तिनंच पुसलं.

म्हाताऱ्याला अंत्यविधीला जाता आलं नाही. पायातून पू वाहत होता, ताप होता. मुलगा काउशुंगला असतो, त्यानं सगळं नीटच केलं. आईच्या नावाची पाटी तिथल्याच एका मोठ्या देवळात ठेवली. तिथे एकोणपन्नास दिवस रोज तीन वेळा भात वाढला जातो, सगळ्याच पाट्यांना एकदम. "काळजी करू नका बाबा," मुलगा म्हणाला, "ते लोक चुकत नाहीत." म्हातारा मुलगा गेल्यावर छुनताओला म्हणाला, "ती काउशुंगला दोनदा गेली आयुष्यात. दोन्ही वेळा रस्ता चुकली."

खण उघडला तो आ-मान जाऊन नऊ दिवस झाले तेव्हा. छुनताओ खाटेशेजारचं छोटं कपाट पुसत होती. वरचा खण अर्धा उघडा होता, म्हणून तिनं तो पुढे ओढला. आत वाडग्यात भाताची शीग, भातात जेवायच्या दोन काड्या उभ्या खोचलेल्या, मेलेल्यांना वाढतात तशा, वर अर्धं खारवलेलं अंडं, बाजूला शिजवलेल्या शेंगदाण्यांचा ढीग. म्हातारा स्वतःच्या जेवणातलं अर्धं काढून ठेवत होता.

"बंद कर," तो म्हणाला. "जेवतेय ती."

भाताच्या कडेला एक तपकिरी झुरळ बसलं होतं. चांगलं अंगठ्याएवढं. मिशा हलवत होतं, पळत नव्हतं.

छुनताओचा हात चपलेकडे गेला आणि तिथेच राहिला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती पायासाठी नव्हती.

"हात लावू नकोस, आ-ताओ. सातव्या दिवशी आली. रात्रभर माझ्या पांघरुणावर बसून होती. मी हलवलं तरी गेली नाही."

आता हे इथल्या कुणालाही सांगायला नको. माणूस गेल्यावर एकोणपन्नास दिवस घरात आलेला पतंग, माशी, पाल, काही मारायचं नाही. कोण कुठल्या रूपानं घर बघायला आलं असेल, सांगता येत नाही. छुनताओला तर हे नको तितकं चांगलं माहीत होतं. आ-ह्वे गेला त्याच्या सातव्या दिवशी ती चुलीपाशी उभी होती. ओट्यावर एक झुरळ आलं. विचार करायला वेळच मिळाला नाही. हातानं सत्तावीस वर्षांची नाही तरी सोळा वर्षांची सवय दाखवली, आणि चप्पल खाली आली. मागे वळून बघितलं तर दारात सासू. तिनं कागद घेतला, ते उचललं, अंगणात नेऊन मातीत पुरलं. वर्षभरानं एकदा जेवताना, काही संबंध नसताना म्हणाली, "तो तसाही चटकनच गेला असता. रेंगाळायची सवय नव्हतीच त्याला." त्या दिवशी भाताचं भांडण झालं नाही.

म्हणून छुनताओनं खण बंद केला. वर एवढंच म्हणाली, "भात रोज बदलायचा. शिळं घालू नका बाईला."

"मी काय शिळं घालीन?"

त्या दिवसापासून भात ती बदलू लागली. वाडगा धुवायची, खणाला औषधाचा फडका मारायची. आपण सगळं स्वच्छ ठेवतोय, म्हणजे झालं, असं तिला वाटलं. चूक इथे झाली. स्वच्छ वाडग्यातला भातही झुरळांना भातच असतो, आणि आ-मान एकटी आली असली तरी झुरळं एकटी येत नाहीत.

दरम्यान वॉर्डात दुसरंच प्रकरण सुरू होतं. महिन्याभरात चार रुग्णांच्या जखमेत, लघवीत, फुप्फुसात एकच जंतू सापडला, आणि तो साधा नव्हता. इस्पितळात होती नव्हती ती अँटिबायोटिक्स देऊन झाली, एकाचाच थोडाफार परिणाम होत होता, आणि ते औषध मूत्रपिंड खातं. संसर्गाचं काम बघायला एक तरुण डॉक्टर होती, वेई. राजधानीतून आलेली, चष्मा, केस कानामागे, चालणं असं की लोक भिंतीला चिकटून वाट देत. तिनं नळ तपासले, मोऱ्या तपासल्या, नर्सचे हात तपासले. मग एक दिवस चिकट कागदांचा गठ्ठा घेऊन छुनताओकडे आली.

"मावशी, हे खाटांखाली लावायचे. किडे चिकटले की नंबर घालून मला आणून द्यायचे."

"खाटेखाली काय मिळणार तुम्हाला? माझे केस?"

"मग कुठे लावू?"

"फ्रिजच्या मागे. पाण्याच्या यंत्राखाली, तिथे ऊब असते. मोरीच्या जाळीशी. आणि कपाटांच्या पाठीला, खाली नाही, पाठीला." मग ती थांबली. "किड्यांचं काय करणार?"

"काही ठिकाणी माश्या-झुरळांच्या अंगावर असे जंतू सापडलेत. पायांवर, पोटात. इथले तेच आहेत का बघायचं."

"म्हणजे ते आणतात?"

"आणत असतील. मला अजून माहीत नाही."

माहीत नाही असं सरळ म्हणणारा डॉक्टर छुनताओनं सत्तावीस वर्षांत फारसा पाहिला नव्हता. तिला ती पोरगी आवडली. तरीही खणाबद्दल तिनं तिला सांगितलं नाही. कागद मात्र इमानदारीत लावले, बाराच्या कपाटालासुद्धा. दोन दिवसांनी गोळा केले तेव्हा फ्रिजमागे तीन, यंत्राखाली पाच, आणि बाराच्या कपाटामागच्या कागदावर जागा उरली नव्हती. तिनं त्यावर बारा लिहिलं आणि आपलं अक्षर बघत थोडा वेळ उभी राहिली.

त्याच आठवड्यात म्हाताऱ्याच्या जखमेचा निकाल आला. तोच जंतू. वेई डॉक्टर खाटेशी उभी राहून स्पष्ट बोलली. त्याला कोपऱ्यातल्या एकट्याच्या खोलीत हलवायचं. उरलेलं एक औषध जपून द्यायचं. दहा दिवसांत जखम वळली नाही तर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल.

"मी हलणार नाही," म्हातारा म्हणाला.

"आजोबा, पाय जाईल."

"जाऊ दे. खोली बदलली तर ती मला शोधणार कुठे?"

डॉक्टरनं छुनताओकडे पाहिलं. ही 'ती' कोण, ते डॉक्टरला कळलं नाही. छुनताओ बादली घेऊन बाहेर निघून गेली.

त्या दुपारी ती परत आली, पडदा ओढला आणि घडीच्या खुर्चीवर बसली. आ-मान गेल्यावर त्या खुर्चीवर पहिल्यांदाच कुणी बसलं होतं.

"काका, खण रिकामा करायचाय."

"नाही."

"वॉर्डात आजार फिरतोय. तुमच्या पायात शिरलाय. त्या कागदावर किती चिकटली होती माहिताय? मोजवली नाहीत मला."

"त्यातली ती नव्हती. ती सकाळी इथे होती."

"मी तिला हाकल म्हणत नाही. जागा बदलूया, एवढंच. तिलाच विचारू."

हे म्हाताऱ्याला नाही म्हणता येईना. छुनताओनं खिशातून दोन नाणी काढली. एक छापा एक काटा पडला तर हो, दोन्ही काटे तर नाही, दोन्ही छापे म्हणजे मेलेलं माणूस नुसतं हसतंय. म्हाताऱ्यानं नाणी ओंजळीत धरली आणि खणाकडे तोंड करून विचारलं, "आ-मान, तुझं जेवण दुसरीकडे मांडलं तर चालेल का?" नाणी पांघरुणावर टाकली. दोन्ही छापे.

"हसतेय," तो म्हणाला, आणि वीसेक दिवसांत पहिल्यांदा त्याचाही चेहरा हलला.

"पुन्हा विचारा. नीट विचारा. जागा चांगली देईन म्हणावं."

दोन्ही काटे.

"बघ. नाही म्हणतेय."

"अहो, घासाघीस करा की. बाजारात कशी करायचात? तळलेल्या शेवया देईन म्हणावं, गेटासमोरच्या गाडीवरच्या. त्या आवडायच्या तिला."

म्हाताऱ्यानं शेवयांचं सांगितलं. पुन्हा दोन्ही छापे. आता तो उघड हसत होता. "सत्तावन्न वर्षं मी तिच्याकडून हो म्हणवून घेऊ शकलो नाही, आ-ताओ. तू तीन फेकीत घेणार?"

छुनताओनं नाणी खिशात टाकली. हसली तीही, पण जिन्यापर्यंतच. दहा दिवसांतला एक दिवस गेल्यात जमा होता.

ती तडक खाली प्रयोगशाळेत गेली. वेई डॉक्टर सूक्ष्मदर्शकाशी बसली होती. छुनताओनं दारातच उभं राहून सगळं सांगितलं. वाडगा, भात, अंडं, शेंगदाणे, आणि मुख्य म्हणजे किती दिवस.

"अकरा दिवस?" डॉक्टर म्हणाली. "अकरा दिवस तुम्हाला माहीत होतं? मी जगभरच्या मोऱ्या उपसतेय आणि तुम्ही..." मग ती थांबली. "का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही खण उपटला असता. तो मग जेवला असता का? मी दोन्ही बाजूंनी बघितलं आणि दोन्ही बाजूंनी चुकले. ओरडायचं असेल तर ओरडा, पण लवकर. नऊ दिवस राहिलेत."

डॉक्टर ओरडली नाही. तिनं उठून कपाटातून एक काचेची बशी काढली. झाकण लावलेली, कडेनं पट्टीनं बंद केलेली. बशीत पिवळसर खळीसारखं काही गोठवलेलं होतं, आणि त्यावर ठिपके. ठिपक्यांची एक ओळ कडेपासून निघाली होती, मध्यापर्यंत आली होती, डावीकडे वळली होती आणि पुन्हा कडेला गेली होती.

"बाराच्या कागदावरचं एक झुरळ जिवंत होतं," डॉक्टर म्हणाली. "त्याला या बशीत दोन मिनिटं चालू दिलं. मग काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी, जिथे जिथे पाय टेकला तिथे जंतू उगवले. आणि या खळीत मी औषध मिसळलं होतं. साधा जंतू यात उगवायलाच नको."

"म्हणजे हे पाय आहेत."

"पावलं आहेत."

छुनताओनं बशी उजेडाकडे धरली. "ही घेऊन वर चला. त्याला दाखवा. भ्याला तर ऐकेल."

दोघी वर आल्या. पडद्याआड तिघंच. डॉक्टरनं बशी म्हाताऱ्यासमोर धरली, झाकण उघडायचं नाही असं बजावलं, आणि शांतपणे सांगितलं की हे त्या खणाजवळ सापडलेल्या किड्याचं चालणं आहे आणि प्रत्येक ठिपका म्हणजे किड्याच्या पायांवरच्या जंतूंची वस्ती आहे.

म्हाताऱ्यानं चष्मा मागितला. चष्मा लावून बशी नाकाजवळ नेली. बराच वेळ बघत राहिला. छुनताओ वाट बघत होती की आता भिईल, आता भिईल. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ते भीतीचं नव्हतं.

"डावीकडे वळली," तो म्हणाला. "बघ. मध्यापर्यंत आली आणि वळली. काही विसरलं की ती अशीच वळायची."

डॉक्टर गोंधळली. "आजोबा, हा जंतू..."

"गप्प बसा जरा," छुनताओ म्हणाली.

"घरी राख पसरली नव्हती कुणी," म्हातारा म्हणाला. "सातव्या रात्री उंबऱ्यात राख पसरायची असते. आमच्या आईसाठी मी पसरली होती. सकाळी चिमणीसारखी पावलं होती. आ-मानच्या वेळी घराला कुलूप. मुलाच्या घरी सगळी फरशी चकचकीत, तिथे राख कोण पसरणार. मला वाटलं, तिची पावलं काही मला दिसणार नाहीत." त्यानं बशी छातीशी धरली. "तुम्ही पसरलीत, डॉक्टर. फार उपकार झाले."

राजधानीत शिकलेल्या मुली राखेबिखेच्या भानगडीत नसतात, पण वेई डॉक्टर मूर्खही नव्हती. ती खाटेच्या कडेला टेकली. रुग्णाच्या खाटेवर डॉक्टरनं बसू नये असा नियम तिनंच लावला होता.

म्हाताऱ्यानं विचारलं, "हे तिच्या पायाला लागलं कुठून?"

इथे डॉक्टर खोटं बोलू शकली असती. मोरीतून, म्हणाली असती तर प्रकरण मिटलं असतं. पण तिला ते जमत नव्हतं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "मोरीतून असेल. दुसऱ्या कुणा रुग्णाकडून असेल. किंवा तुमच्या जखमेतून. पट्टी बदलताना थेंब पडतो, त्यावरून किडा जातो. किड्यानं तुम्हाला दिलं की तुम्ही किड्याला, हे ही बशी सांगत नाही."

"म्हणजे माझ्याकडूनही लागलं असेल."

"हो. शक्य आहे."

म्हाताऱ्यानं बशी हळूच पांघरुणावर ठेवली. हात मागे घेतला, आपल्याच हाताकडे बघितलं आणि तो पांघरुणाखाली लपवला.

"अडतीस दिवस," तो म्हणाला, "ती माझ्या पायाचं पाणी पुसत होती. रात्री तीनदा उठायची. मी म्हणायचो नर्सला बोलाव, तर म्हणायची, नर्सला काय माहीत तुझा पाय. आणि आता ती नुसती दोन घास खायला येते, तर मी तिला हे लावून पाठवतो."



"तिनं इथे येता कामा नये," तो म्हणाला. "खण काढ, आ-ताओ. मला त्या कोपऱ्यातल्या खोलीत टाका. आजच टाका." मग तो खणाकडे वळला. "पण मग ती जेवणार कुठे?"

हे छुनताओनं खाली जातानाच ठरवून ठेवलं होतं. गाड्या लावायच्या जागेच्या टोकाला, आंब्याच्या झाडाखाली, भूमिदेवाचं गुडघ्याएवढं देऊळ होतं. सफाईवाल्या बायका महिन्यातून दोनदा तिथे फळं ठेवायच्या. उघड्यावरची जागा. आजारी माणूस नाही, खाट नाही, जखम नाही.

"तिथे वाडगा मांडू. भूमिदेवाला मी सांगते, पाहुणी आहे म्हणून. तिथे हवे तेवढे किडे येऊ देत."

"वाडगा नवा हवा," डॉक्टर म्हणाली. "या वॉर्डातला नको. आणि ठेवणाऱ्यानं हात धुवायचे. आधी आणि नंतर."

"ऐकलंत? तुमच्या सुनेपेक्षा कडक आहे," छुनताओ म्हणाली, आणि कामाला लागली.

कपाट तिनं एकटीनं ओढलं. वाडगा, भात, काड्या पिवळ्या पिशवीत घातल्या. कपाट मोठ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागच्या लिफ्टनं खाली नेलं, धुलाईघरामागच्या काँक्रिटवर. भर दुपारचं ऊन. शेजारी उकळत्या पाण्याच्या दोन बादल्या. डॉक्टर बरणी घेऊन थोडी लांब उभी होती, तिला नमुने हवे होते. छुनताओनं प्लास्टिक फाडलं, बादलीला हात घातला आणि थांबली.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाली.

"एक मिनिट." ती खाली वाकली आणि कपाटाशी बोलली. "मावशीबाई, मी आ-ताओ. तुम्ही यात असाल तर आधी बाहेर या. मी दहापर्यंत मोजते. घाई नाही."

तिनं मोजलं. सात झाल्यावर फटीतून एक झुरळ बाहेर आलं, कडेवर थांबलं, मिशा हलवल्या आणि पुन्हा आत गेलं. छुनताओनं पंधरापर्यंत मोजलं. मग वीसपर्यंत. डॉक्टरनं घड्याळाकडे बघितलं नाही, हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याबद्दल तिनं त्या पोरीला पुढे बरंच काही माफ केलं. वीस झाल्यावर तिनं पाणी ओतलं. दोन्ही बादल्या.

ती वर आली तेव्हा म्हातारा कोपऱ्यातल्या खोलीत होता. भिंती कोऱ्या, खिडकी एक. तो दाराकडे बघत होता.

"झालं?"

"झालं."

"सगळं?"

"सगळं."

"आणि ती?"

"तिला मी आधी सांगितलं होतं निघायला."

"मग निघाली?"

छुनताओला आ-ह्वे आठवला, सासूचा कागद आठवला. खोटं सांगणं सोपं होतं. "काका," ती म्हणाली, "अडतीस दिवस तुमच्याजवळून न हललेली बाई. मी कोण सांगणारी, आणि ती माझं ऐकून कुठे निघते? तुम्ही चला. तुम्ही खाली जाऊन बसलात तर ती येईल. तुम्हाला सोडून ती शेवयांच्या गाडीवरसुद्धा जायची नाही."

म्हातारा आ-मान गेल्यापासून खाटेवरून उतरला नव्हता. नर्सनं सांगितलं, मुलानं सांगितलं, व्यायाम शिकवणारा पोऱ्या रोज येऊन रोज परत जात होता. तो खिडकीकडे बघत राहिला. तिथून आंब्याचा शेंडा दिसत होता.

"चाकांची खुर्ची आण," तो म्हणाला.

डॉक्टरनं पायाची पट्टी अशी बांधली की वारासुद्धा शिरू नये. अंगात झगा, मागची लिफ्ट, हात कोपरापर्यंत धुतलेले. हे पुढे रोजचं झालं, एकोणपन्नासावा दिवस उजाडेपर्यंत. पायाची दोन बोटं गेली. पाय राहिला. वॉर्डात पुढचे दोन महिने नवा रुग्ण सापडला नाही. पण त्याच काळात मोरीचे जुने पाइपही बदलले होते, त्यामुळे नेमकं श्रेय कशाला द्यायचं ते आपल्याला सांगता येणार नाही, असं वेई डॉक्टरनं अहवालात लिहिलं. छुनताओला लेखी समज मिळाली. तिनं ती घरी नेऊन सासूला वाचून दाखवली. सासू म्हणाली, "कागद चांगला जाड आहे, टाकू नकोस."

पण हे सगळं नंतरचं. त्या पहिल्या दुपारी छुनताओनं खुर्ची आंब्याखाली आणली, भूमिदेवाला उदबत्ती लावली आणि पाहुणीबद्दल दोन शब्द सांगितले. नवा वाडगा मांडला. गाडीवरच्या गरम शेवया, वर तळलेला कांदा. मग ती पंचवीस पावलं लांब जाऊन सायकलींच्या छपराखाली उभी राहिली, कारण नवराबायको जेवत असताना मध्ये उभं राहायचं नसतं.

लांबून एवढंच दिसलं की वाडग्यावर आधी मुंग्या आल्या, मग दोन माश्या, मग एक कसलासा हिरवा किडा. म्हातारा पुढे वाकून एकेकाकडे नीट बघत होता. ओळखीचं कोणी आहे का ते शोधत असावा. हात मात्र त्यानं मागे बांधले होते, डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे. काही वेळानं त्यानं मान वर केली.

"आ-ताओ, कांदा जास्त झालाय म्हणते."

"उद्या कमी घालायला सांगते," छुनताओ म्हणाली. "मुकाट्यानं जेवा म्हणावं आज."